उभा ट्रक: अधूनमधून सेल मारायचा की बॅटरी काढून ठेवायचा?

जिनिंगचा (कापसातून सरकी काढण्याचा) हंगाम सरला की जळगाव-धरणगावकडचे बरेच ट्रक दिवाळीपर्यंत उभेच असतात. मालक काय करतो? आठवड्याला सेल मारतो, दहा मिनिटं गाडी घुरघुरत ठेवतो आणि निश्चिंत होतो. खरं तर हीच अर्धवट सेवा जास्त नडते. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये ओल साचते, सेलला गेलेला करंटही बॅटरीत परत भरत नाही. बीएस-६ गाडीत (नव्या प्रदूषण नियमांच्या) तर नुसत्या आयडलिंगने, म्हणजे उभ्याउभ्या इंजिन चालू ठेवल्याने, सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी बसते. चालवायचीच तर पंधरा दिवसांनी भुसावळपर्यंत हायवेला काढा. ब्रेक, गिअर, टायर सगळंच हलतं. मात्र इन्शुरन्स-फिटनेस चालू हवं, अन् ड्रायव्हरही.

ते जमणार नसेल तर गाडी सरळ बंद ठेवलेली बरी. ऑइल बदला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टायरांत हवा पूर्ण भरा. टाकी मात्र काठोकाठ हवी. अर्ध्या टाकीत पावसाळ्यात आतल्या पत्र्यावर दव धरतं, पाणी तळाशी उतरतं आणि तिथंच गंज, शेवाळासारखा चिकट गाळ धरतो. डिझेल चोरीची भीती? कुलूपवालं झाकण बसवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी चाकांना लाकडी उटी (पाचर) लावा. सरकीची पोती शेजारी असतील तर उंदीर वायरिंग सोडणार नाहीत.

महिनाभराचाच प्रश्न असेल तर फेरी मारा. चार-पाच महिन्यांसाठी मी बॅटरी काढेन.