बॉल स्क्रू खराब झालाय: छर्रे बदलावेत, ग्राइंडिंग करावं, की नवाच टाकावा?

बोअर गोल येईना, दिशा बदलताना जॉबवर पायरी उमटायला लागली, की आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "स्क्रू गेला." म्हणजे मशीनचं टेबल सरकवणारा, छर्र्यांवर चालणाऱ्या नटचा बॉल स्क्रू. पण आधी टोकाचं बेअरिंग बघा. स्क्रूच्या टोकाच्या सेंटरमध्ये ग्रीस लावून एक छर्रा चिकटवा, त्यावर डायल गेजची टोकणी टेकवा आणि टेबल पुढे-मागे चालवा. दिशा बदलताना सुई हलली तर खेळ थ्रस्ट बेअरिंगचा (स्क्रूला लांबीच्या दिशेने धरणारं टोकाचं बेअरिंग), आणि काम बेअरिंगवरच भागतं. सुई जागेवर राहून टेबल मात्र उशिरा हललं, तर दोष नटमध्ये किंवा स्क्रूमध्ये.

मग बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलल्यावर टेबल हलण्याआधी वाया जाणारी हालचाल, तीन ठिकाणी मोजा: मध्ये आणि दोन्ही टोकांना. निर्णय याच आकड्यांवर होतो. व्हाइस वर्षानुवर्षं टेबलाच्या मधोमध असतो, त्यामुळे स्क्रूही तिथंच जास्त झिजतो. मध्ये 40 मायक्रॉन आणि टोकांना 5 आले, तर मशीनच्या कंट्रोलमधल्या बॅकलॅश भरपाईच्या पॅरामीटरमध्ये 40 भरून मध्यभाग सावरेल, टोकं बिघडतील. हातातली ऑर्डर संपेपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

छर्रे बदलणं सर्वांत स्वस्त. काही मायक्रॉन मोठे छर्रे भरले की प्रीलोड, म्हणजे खेळ न ठेवणारा नटमधला ताण, परत येतो. मात्र झीज सगळीकडे सारखी हवी आणि खाच गुळगुळीत हवी. असमान झिजलेल्या स्क्रूवर तोच नट मध्ये ढिला आणि टोकांना जाम होतो. नखाची कड खाचेतून फिरवा. नख अडकलं, म्हणजे पापुद्रे निघालेत. मग नवे छर्रेही तिथंच खराब होणार.

घरी नट काढणार असाल तर स्क्रूच्या खाचेच्या तळाच्या व्यासाएवढी नळी टोकाला लावून नट तिच्यावरच सरकवा. मी एकदा नळीशिवाय ओढला. छर्रे ट्रेमधून थेट मशीनखाली गेले, रात्री बॅटरी लावून मोजले तरी एक कमीच. पूर्ण संच नवा घ्यावा लागला, कारण जुन्यांत एकच नवा मिसळला तर भार सारखा वाटला जात नाही.

ग्राइंडिंग हा मधला मार्ग, पण मला तो मोठ्या आणि महाग स्क्रूसाठीच पटतो. खाचेचा कडकपणा साधारण 58 ते 62 रॉकवेल असतो, पण तो वरच्या थरापुरताच. खड्डा त्याच्याखाली गेला असेल तर घासून उपयोग नाही. शिवाय स्क्रू पुण्याला पाठवायचा, तोवर मशीन बंद. पाठवलाच तर लीड एररचा, म्हणजे फेऱ्यांच्या हिशोबाने नट किती चुकीचा सरकतो त्याचा, चार्ट मागून घ्या.

नव्यात रोल्ड (खाच दाबून केलेला) की ग्राउंड (खाच घासून केलेला), हा प्रश्न कामावर सोडवा. अचूकतेच्या सी7 दर्जात 300 मिमी सरकण्यात 50 मायक्रॉनच्या चुकीची मुभा, सी5 मध्ये 18, सी3 मध्ये 8. टॉवेलच्या मागांचे सुटे भाग करणाऱ्या जुन्या मिलिंगला रोल्ड सी7 चालतो. डाय किंवा अचूक बोअरिंगला ग्राउंडच घ्या, तिथं पैसे वाचवू नका.

पापुद्रे निघालेले असतील तर मी सरळ नवाच टाकेन. बसवण्याआधी नटला जाणारी तेलाची नळी सोडून पंप दाबा. थेंब आला नाही, तर आधी ती मोकळी करा. जुना स्क्रू बहुधा तेलावाचूनच गेलाय.