हरिभाऊंचा वाचन-सप्ताह: एकत्र बसून वाचायचं, की वाचून येऊन बोलायचं?

कादंबरीकार हरि नारायण ऊर्फ हरिभाऊ आपट्यांवर सात दिवसांचा वाचन-सप्ताह करायचा, इथवर वाचनमंडळाचं लगेच एकमत होतं. गाडी अडते ती पुढे. सगळ्यांनी कादंबरी घरी वाचून यायचं आणि संध्याकाळी तिच्यावर बोलायचं, की पारायणासारखं रोज एकत्र बसून मोठ्याने वाचायचं? दोन्ही प्रकार चालतात आणि दोन्हींत गोडी आहे. मात्र दोन्हींची तयारी इतकी वेगळी असते की निर्णय दीड-दोन महिने आधी घ्यावा लागतो. पुढचा सगळा हिशेब ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी धरून केला आहे, कारण आपट्यांचं नाव निघालं की बहुतेक मंडळी तिच्यापाशीच येऊन थांबतात.

आधी वाचून येण्याची पद्धत घेऊ. तिची मोठी जमेची बाजू म्हणजे कादंबरी अख्खी वाचून होते. हे थोडं नाही. नायिका यमूचं बालपण, सासर, मुंबईतले सुखाचे दिवस आणि त्यानंतरचं वैधव्य ही चढण एका दमात मनात भरते. वाचताना मागे जाता येतं, जड वाटलं तर पुस्तक मिटून ठेवता येतं. आठ-दहा जण असतील, सगळे वाचणारे असतील आणि पाच-सहा आठवडे हाताशी असतील, तर ही पद्धत जरूर करावी. रोज तीन प्रश्न पुरतात. ते आदल्या दिवशी सांगायचे, आणि त्यातला एक तरी एखाद्या नेमक्या परिच्छेदावर हवा.

अडचण त्या परिच्छेदाशीच सुरू होते. कुणीतरी म्हणतं, ‘यमूच्या सासरचे शंकरमामंजी कसे बोलतात ते बघा ना, माझ्याकडे एकशे बेचाळीस पान.’ दुसऱ्याकडे ते एकशे अठ्ठ्याण्णवावर असतं. तिसऱ्याची प्रत वाचनालयातली, पहिली चार पानं गेलेली. चौथ्याकडे संक्षिप्त आवृत्ती, तिच्यात तो परिच्छेदच नाही. आपट्यांचं निधन १९१९ सालचं, त्यामुळे स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि कोणीही प्रकाशक ही कादंबरी छापू शकतो. पुस्तक सहज मिळतं ते म्हणूनच, आणि दहा माणसांत चार आवृत्त्या येतात त्याही म्हणूनच. अक्षराचा आकार वेगळा, पानाचा आकार वेगळा, शुद्धलेखनही वेगळं. एक परिच्छेद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर यायला तीन-चार मिनिटं जातात. दीड तासाच्या बैठकीत असे पाच परिच्छेद काढायचे म्हटले, तर पंधरा-वीस मिनिटं पानं उलटण्यातच संपतात.

वेळ गेला तरी चालेल. खरं नुकसान त्यानंतर होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लोक पान काढण्याचा नाद सोडतात आणि आठवणीतून बोलू लागतात. आठवणीतून बोलताना हरिभाऊंचं वाक्य हातात नसतं, त्यामुळे बोलणं हळूहळू ‘त्या काळी बायकांचे फार हाल’ इथे येऊन टेकतं. ते खरंच आहे, पण त्यासाठी कादंबरी वाचायची गरज नव्हती. यमू एखादी गोष्ट सांगता सांगता कुठे अडखळते, कुठे स्वतःलाच समजावते, कुठे हसून बाजूला सारते, या सगळ्यावर पाणी पडतं. माझं पारडं एकत्र वाचनाकडे झुकलं ते या एका गोष्टीमुळे. सप्ताह लेखकाचा असेल तर रोज लेखकाचे शब्द खोलीत ऐकू यायला हवेत.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. पान सांगायचं नाही. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले तीन शब्द सांगायचे. पण संक्षिप्त आवृत्तीत प्रकरणांचे आकडेही सरकलेले असू शकतात, म्हणून ती आधीच बाद करावी. सगळ्यांसाठी एकाच आवृत्तीच्या प्रती मागवता आल्या तर उत्तमच. मात्र दुकानात एका वेळी दहा प्रती क्वचितच असतात, तेव्हा सहा आठवडे आधी नोंदवून ठेवाव्यात आणि प्रती हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. तिसरा मार्ग म्हणजे चर्चेपुरते उतारे वेगळे छापून वाटायचे. मूळ मजकूर छापायला अडचण नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टीपा मात्र त्या त्या लेखकाच्या असतात, त्या उचलायच्या नाहीत. (कथाकार जी. ए. कुलकर्णींचा सप्ताह करणाऱ्यांना ही सूट नाही. ते १९८७ साली गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे २०४७ अखेरपर्यंत.)

आता एकत्र वाचनाचा हिशेब. तिथला तोटा आधीच सांगतो: कादंबरी पुरी होत नाही. मराठी गद्य समजेल अशा बेताने वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. नेहमीच्या छपाईच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द धरले, तर तासाला बावीस-तेवीस पानं. रोज दीड तासाच्या बैठकीत वाचन एक तासच ठेवावं, कारण त्यापुढे ऐकणाऱ्यांचे कान थकतात. सात दिवसांत दीडशे-एकशे साठ पानं, म्हणजे कादंबरीचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा. कुणी ‘आम्ही सात दिवसांत पूर्ण करू’ म्हणालं, तर ते तिसऱ्या दिवशी घाईने वाचू लागतील आणि चौथ्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील.

तेव्हा निवड करावी लागते, आणि इथे आपल्याकडच्या पारायणाची रीत फार उपयोगी पडते. गुरुचरित्राचा सप्ताह आठवा. पहिल्या दिवशी नऊ अध्याय असतात, पाचव्या दिवशी ३६ ते ३८ असे तीनच. अध्याय मोजून सात सारखे भाग केलेले नाहीत. कादंबरीचंही तसंच करावं. पानं सात भागांत वाटू नका, यमूचं आयुष्य वाटा: माहेरचं बालपण, लग्न, सासरचं घर, नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकणं, मुंबईचा संसार, वैधव्य, आणि शेवट. यमूची मैत्रीण दुर्गी, तिचा भाग वगळण्याचा मोह होतो, कारण तो बाजूचा वाटतो. वगळू नये. दुर्गीची परवड ऐकल्यावरच यमूच्या वाट्याला आलेलं सुख केवढं होतं ते कळतं.

प्रत्येक भागाआधी एक दुवा लागतो: गाळलेल्या पानांत काय घडलं ते सांगणारे दीडशे शब्द, फार तर दोनशे. हा दुवा लिहूनच काढायचा, तोंडी सांगायचा नाही. तोंडी सांगणारा माणूस पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांवर नेतो आणि पुढची गोष्टही फोडतो. दुव्यात मत नको, फक्त घटना. सातही दुवे एकाच व्यक्तीने लिहिले तर सूर सारखा राहतो.

ही कादंबरी मोठ्याने वाचायला इतकी बसते, याचं कारण तिच्या जन्मात आहे. १८९० साली आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ही कथा त्यात क्रमशः येत गेली. म्हणून प्रकरणांचे तुकडे बैठकीच्या मापाचे आहेत. शिवाय सांगणारी यमू स्वतः आहे, आणि ती बोलल्यासारखं सांगते. कागदावर लांबट वाटणारं वाक्य चांगल्या वाचकाच्या तोंडी घरातल्या बाईच्या बोलण्यासारखं उलगडतं. डोळ्यांनी भरभर वाचताना तिचे ‘बाई’, ‘हो’, ‘मेलं’ आपण ओलांडून जातो. कानावर पडले की तेच मनात राहतात.

वाचकांची तयारी मात्र मन लावून करायला हवी. एका बैठकीला चार वाचक, प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि एक राखीव. घसा बसणं आणि ऑफिसात अडकणं आठवड्यातून एकदा तरी होतंच. वाचकाला पुस्तक देऊ नका. त्याचा भाग सोळा पॉइंटच्या अक्षरात, ओळींत दीडपट अंतर ठेवून, ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला छापून द्या. एका पानात अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे पंधरा मिनिटांना सात पानं. कागद पिनने जोडू नका. सुटे कागद आवाज न करता बाजूला सरकवता येतात, जोडलेले उलटताना माइकमध्ये खरखर होते. पानांवर क्रमांक मात्र ठळक हवेत, नाहीतर सुटे कागद पंख्याच्या वाऱ्याने गेले की सगळी बैठक खोळंबते. चार दिवस आधी कागद हातात पडावेत आणि दोनदा मोठ्याने वाचून, श्वासाच्या जागी पेन्सिलने उभी रेघ मारून यावं.

मजकूर जुन्या आवृत्तीवरून घेतला असेल तर अनुस्वारांकडे बघा. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ यांतले बरेच अनुस्वार उच्चारात नसतात. १९६२च्या नियमांनी ते लिहिण्यातूनही गेले. सवय नसलेला वाचक ते नाकात उच्चारतो आणि ऐकणारे हसू लागतात, नेमके गंभीर जागी. फार जुनी प्रत असेल तर ‘म्हणून’च्या जागी ‘ह्मणून’ छापलेलं असतं, तिथे नवखा हमखास अडतो. वाचनाचे कागद टाइप करतानाच हे आजच्या लेखनात आणावं. शब्द मात्र एकही बदलू नये. ‘लोकांना कळणार नाही’ म्हणून शब्द सोपे करणारे पुष्कळ भेटतात, त्यांना नम्रपणे थांबवावं. अडणारे पाच-सहा शब्द बैठकीआधी फळ्यावर लिहिले की भागतं.

वाचक बदलायचा तो प्रकरण संपल्यावरच. दृश्याच्या मध्ये आवाज बदलला की यमू हरवते. यमूचं निवेदन पुरुषाने वाचायला काहीच हरकत नाही, फक्त बायकी आवाज काढू नये. शंकरमामंजींचा आवाजही काढू नये. अभिनय जास्त झाला की लोक वाचणाऱ्याकडे बघू लागतात आणि ऐकणं सुटतं.

जागेबद्दल थोडक्यात. पंचवीस माणसांपर्यंत माइक नको, अर्धवर्तुळात बसवा. जुन्या पंख्याची घरघर आवाज खाऊन टाकते, म्हणून वाचकाची खुर्ची पंख्याखाली ठेवू नका. माइक लागलाच तर तोंडापासून एक वीत, थोडा तिरका धरावा. सरळ समोर असला की ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात. वाचक बसूनच वाचेल, कागद पोथीच्या लाकडी स्टँडवर, शेजारी कोमट पाणी. वाचनानंतर दहा मिनिटं शांतता आणि चहा, मग वीस मिनिटं बोलणं. बोलणाऱ्याने आजच ऐकलेल्या एखाद्या वाक्यापासून सुरुवात करायची, एवढा एकच नियम ठेवा. वाक्य सगळ्यांनी नुकतंच ऐकलेलं असतं, पान काढावं लागत नाही.

परदेशातल्या मंडळांना मात्र आधी वाचून येण्याची पद्धतच बहुधा सोयीची पडेल. व्हिडिओ कॉलवर तासभर ऐकताना आवाज तुटतो, आणि समोर माणूस नसला की ऐकणारा दुसऱ्या कामाला लागतो. तिथे निवडक उताऱ्यांची एक पीडीएफ सगळ्यांना पाठवली की पानांचा घोळ मिटतो. ज्यांना ऐकू कमी येतं अशी मंडळी जास्त असतील, तिथेही हेच करावं. एकत्र वाचन करणाऱ्यांनी पूर्ण कादंबरीच्या दोन-तीन प्रती टेबलावर ठेवाव्यात. गाळलेलं वाचायची ओढ काही जणांना लागतेच, आणि ते घरी नेऊन वाचतात.

तारखेसाठी मार्च जुळून येतो. हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४चा, मृत्यू ३ मार्च १९१९चा. २ ते ८ मार्च असा सप्ताह धरला तर दोन्ही दिवस आत येतात, आणि शेवटचा दिवस महिला दिनाचाही असतो. पण तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू असतात. शिक्षक आणि मुलांचे पालक येऊ शकत नाहीत, वस्तीत स्पीकर लावणंही बरं नाही. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास सभागृहंही भरलेली असतात. मंडळात शिक्षक जास्त असतील तर दिवाळीनंतरचा आठवडा बरा.

शेवटच्या दिवसाची आखणी वेगळी करा. यमूच्या केशवपनाचा भाग एकाच वाचकाने वाचावा, चौघांत वाटू नये, आणि तो वाचक सातही दिवस बैठकीला आलेला असावा. त्या दिवशी दुवा शंभर शब्दांचाच ठेवा. वाचन संपल्यावर चर्चा, आभार, सत्कार काहीही ठेवू नका. नारळ-शाल द्यायचीच असेल तर सहाव्या दिवशी उरकून घ्या. शेवटचा कागद खाली ठेवला की वाचकाने उठायचं नाही, बसून राहायचं. लोक आपापल्या वेळाने उठतात.