आठ महिने ‘स्क्वॉड लीडर’ खेळल्यानंतर

ॲव्हलॉन हिल या प्रकाशनसंस्थेने 1977 मध्ये काढलेला, जॉन हिल यांनी रचलेला ‘स्क्वॉड लीडर’ हा दुसऱ्या महायुद्धातील पायदळाच्या लढाईचा पटखेळ आता छापला जात नाही, त्यामुळे मी त्याचा जुना संच विकत घेतला. गेले आठ महिने तो नियमितपणे खेळत आहे. संच विकणाऱ्याने तो ‘पूर्ण’ असल्याचे सांगितले होते; प्रत्यक्षात काही काउंटर, म्हणजे तुकड्या आणि अधिकारी दाखवणारे पुठ्ठ्याचे छोटे चौकोन, हरवलेले निघाले. तुकड्यांचे काउंटर मुबलक असल्याने दोन-चार कमी पडले तरी चालते, पण अधिकाऱ्यांचे काउंटर मोजकेच असतात आणि खेळ त्यांच्याच भोवती फिरतो. म्हणून जुना संच घेताना आधी अधिकारी मोजावेत, पेटीची अवस्था नंतर पाहावी.

काउंटरवरच्या तीन आकड्यांचा अर्थ काय, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. 4-6-7 अशी जर्मन तुकडी असेल तर माराची ताकद 4, पल्ला 6 घरे आणि मनोधैर्य 7. पटावरचे एक षट्कोनी घर 40 मीटरचे मानलेले असल्याने हा पल्ला 240 मीटर होतो. रशियन गार्ड्‌सची, म्हणजे निवडक सैनिकांची, 6-2-8 तुकडी याउलट दोनच घरांपलीकडे दुबळी ठरते, पण शेजारच्या घरावर मारा करताना ताकद दुप्पट होत असल्यामुळे ती एकदा भिडली की तिला आवरणे अवघड जाते. स्टालिनग्राडवरचा पहिलाच प्रसंग (म्हणजे खेळायला आखून दिलेली लढाई) याच फरकावर उभा आहे: रशियनांना जवळ यायचे असते आणि जर्मनांना त्यांना रस्त्यातच रोखायचे असते.

खेळ वास्तवाला धरून आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र गोळ्यांच्या हिशेबापुरते नाही. माऱ्याचा परिणाम बहुतेक वेळा मृत्यूत नव्हे, तर मनोधैर्याच्या चाचणीत होतो. माऱ्याचा परिणाम सांगणाऱ्या तक्त्यातून 2 ची चाचणी आली, तर दोन फाशांच्या बेरजेत 2 मिळवून येणारी संख्या तुकडीच्या मनोधैर्याएवढी किंवा त्याहून कमी असावी लागते. नाहीतर काउंटर उलटतो आणि ती तुकडी लढाईतून तात्पुरती बाद होते. तिला सावरायला त्याच घरात अधिकारी लागतो. सुरुवातीला मी अधिकाऱ्यांना सर्वांत पुढे ठेवत असे. मागे उलटलेल्या तुकड्या कुणी उठवणारा नसल्याने झाडांत पडून राहिल्या आणि तीन डाव हातचे गेले.

नियम फार आहेत ही तक्रार रास्त आहे, पण पहिल्या प्रसंगाला लागतील तेवढेच नियम वाचून खेळायचे आणि मग पुढचा भाग उघडायचा, अशी पुस्तिकेची मांडणी आहे. ती मोडू नये. मी उतावीळपणे रणगाड्यांचे प्रकरण आधीच वाचले आणि डोक्यात नुसता गोंधळ झाला. तसेही मूळ संचातील रणगाडे मला फारसे पटले नाहीत. पायदळाच्या नियमांतली धार त्यांच्यात नाही.

एकट्याने खेळता येतो का? येतो. पहिल्या प्रसंगात सारे काही पटावर उघडे असते, त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे खेळणे शक्य होते.

‘क्रॉस ऑफ आयर्न’ (1978), ‘क्रेसेंडो ऑफ डूम’ (1980) आणि ‘जी.आय.: ॲन्व्हिल ऑफ व्हिक्टरी’ (1982) हे पुढचे संच घ्यावेत का, असेही विचारले जाते. त्यांनी खेळ वाढवला, तसेच आधीचे बरेच नियमही बदलले, आणि कोणता नियम कोठे रद्द झाला हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. 1985 मध्ये आलेला ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ नव्याने लिहिलेल्या नियमांचा आहे. त्यात जुने पट चालतात, जुने काउंटर चालत नाहीत. मूळ पेटीत 12 प्रसंग आहेत. आठ महिन्यांत माझे सात झाले, आणि पहिला मी अजूनही अधूनमधून मांडतो.