अंत्यविधी सेवा: पॅकेज सुटं करून पाहिलं तर

अंत्यविधी सेवेचं पॅकेज म्हणजे तीन निरनिराळी कामं एका दरात बांधलेली: देह सांभाळणं, माणसांनी जमून निरोप देणं, आणि प्रत्यक्ष दहन, दफन किंवा त्यांना असलेले पर्याय. तिन्हींची घाई सारखी नसते. देहाची निगा पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागते. दहन-दफनाची वेळ कागदपत्रं हातात आल्याशिवाय पक्की होत नाही. निरोपाचा कार्यक्रम मात्र महिनाभराने केला तरी व्यवहारात काही अडत नाही. पॅकेज हे सगळं एकाच दिवसाला बांधतं आणि जास्तीचे पैसे बहुतेक या गाठीपायीच जातात: शीतगृहाचे वाढीव दिवस, दर्शनापर्यंत देह टिकावा म्हणून एम्बामिंग (अंगात रसायन भरणं), चारचौघांत दिसणार म्हणून भारी शवपेटी, सभागृहापर्यंत दुसरी गाडी. त्यामुळे सेवा कितीही नावाजलेली असो, तिची पहिली कसोटी एकच. प्रत्येक बाब सुटी घेता येते का, आणि तिचा दर लेखी मिळतो का?

ही मागणी वावगी नाही. अमेरिकेत १९८४ पासून लागू असलेल्या नियमानुसार चौकशीला आलेल्या माणसाच्या हातात बाबनिहाय दरपत्रक द्यावंच लागतं, फोनवर विचारलं तरी दर सांगावे लागतात, आणि बाहेरून विकत आणलेली शवपेटी नाकारता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ठरावीक नमुन्यातलं दरपत्रक लोकांना दिसेल असं लावणं बंधनकारक झालं. जिथे असा नियम नाही तिथेही धड काम करणारी संस्था मागितल्यावर पत्रक देते. ‘आधी या, मग दरांचं बोलू’ म्हणणाऱ्यांना तिथेच फुली मारावी.

पत्रक हातात आलं की एकूण रकमेआधी दोन रकाने वेगळे करून घ्यावेत. एक संस्थेचं स्वतःचं शुल्क, दुसरा तिने पुढे इतरांना द्यायच्या रकमा: दाहिनीचं शुल्क, कबर खोदण्याचा आणि जागेचा आकार, वैद्यकीय कागदपत्रं, विधी करणाऱ्यांचं मानधन, वर्तमानपत्रातली सूचना. दुसऱ्या रकान्यातले आकडे ‘अंदाजे’ असतात आणि वाढतात ते तिथेच. मूळ पावत्या मिळतील का, हे विचारून ठेवावं. आणखी एक गोष्ट घाईत निसटते. कंत्राटावर जो सही करतो, बिल त्याच्या नावावर पडतं. चार भावंडांनी ‘आपण वाटून घेऊ’ असं तोंडी ठरवलेलं संस्थेला बांधील नसतं.

देहाच्या निगेवरून संस्थेची खरी पारख होते, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही. मृत्यूनंतर साधारण दोन ते सहा तासांत अंग ताठरू लागतं, बाराएक तासांत पूर्ण ताठरतं आणि पुढे दीड-दोन दिवसांत पुन्हा सैलावतं. म्हणून डोळे मिटणं, जबडा बंद राहील असा हनुवटीखाली आधार देणं, हातपाय सरळ करणं ही कामं सुरुवातीच्या तासा-दोन तासांतलीच. डोकं उशीवर थोडं उंच ठेवलं नाही तर रक्त चेहऱ्याकडे साकळतं आणि काळेनिळे डाग पडतात. दर्शनाच्या वेळी मग रंगरंगोटीचा वेगळा आकार लागतो. देह लगेच न्यायचा नसेल तर खोली थंड ठेवावी, जाड पांघरूण काढावं, पोटाशी आणि छातीशी कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा कोरडा बर्फ ठेवावा. कोरडा बर्फ वापरत असाल तर खिडकी किलकिली हवीच, कारण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत जिवंत माणसांना घातक ठरतो.

संस्थेला विचारायचे प्रश्न असे. शीतगृह स्वतःचं आहे की भाड्याचं? तापमान किती? नेहमीच्या कामाला २ ते ४ अंश सेल्सिअस लागतं. दिवसाचा हिशोब तासावर की तारखेवर? रात्री ११ ला आणलेला देह मध्यरात्र उलटताच ‘दुसऱ्या दिवसात’ मोजणारे आहेत. ओळखपट्टी मनगटाला बांधतात की पेटीला? ती देहालाच हवी, आणि घरातून बाहेर नेण्यापूर्वी कुटुंबातल्या कोणासमोर तरी बांधलेली हवी.

एम्बामिंग ही या सगळ्या यादीतली सर्वांत जास्त खपवली जाणारी आणि सर्वांत कमी वेळा लागणारी सेवा. मानेतल्या मोठ्या धमनीतून फॉर्माल्डिहाइडचं द्रावण आत सोडतात, शिरेतून रक्त बाहेर काढतात, मग पोट-छातीच्या पोकळीतले द्रव ओढून तिथेही द्रावण भरतात. याने कुजणं लांबतं, थांबत नाही. साध्या आजाराने किंवा वयोमानाने गेलेल्याचा देह एम्बाम केला नाही म्हणून रोगराई पसरते, ही भीती निराधार आहे. उलट फॉर्माल्डिहाइड हेच २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. देह विमानाने दुसऱ्या देशात न्यायचा असेल तर मात्र बहुधा इलाज नसतो. तिथे एम्बामिंगचं प्रमाणपत्र, हवाबंद पेटी आणि दूतावासाची परवानगी मागितली जाते. बाकी वेळी शीतगृहाचे दोन-चार दिवस पुरतात.

शवपेटीत पैसे ओतण्याआधी ती कुठे जाणार आहे ते पाहावं. दाहिनीत जाणार असेल तर वॉर्निश, पीव्हीसी, रबर, काच आणि धातूचे जाड कोपरे चालत नाहीत, म्हणजे महागडी पेटी नेमकी अडचणीची ठरते. साधं, न रंगवलेलं लाकूड किंवा जाड पुठ्ठा चालतो. माप घेताना उंचीत पाचेक सेंटिमीटर वाढवावेत आणि रुंदी खांद्यांची न घेता हाताच्या कोपरांपाशी घ्यावी, कारण पेटी अडते ती तिथे. अंगाने मोठ्या माणसासाठी दाहिनीच्या दाराची रुंदी आधी विचारावी. ऐनवेळी पेटी आत जात नाही म्हणून दुसरी दाहिनी शोधावी लागली, तर गाडीपासून वेळेपर्यंत सगळं नव्याने जुळवावं लागतं.

गॅस किंवा विजेच्या दाहिनीत तापमान सुमारे ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असतं आणि एका देहाला साधारण दीड ते तीन तास लागतात. आतून राख निघते असं म्हणतात, पण निघतात ते हाडांचे तुकडे. ते थंड झाले की खिळे, स्क्रू, पेटीचे कडी-कोयंडे चुंबकाने वेगळे करतात, कृत्रिम सांध्यांचे टायटॅनियमचे भाग हाताने वेचतात, आणि उरलेलं दळणयंत्रात घालून भरड पूड करतात. वजन साधारण दोन ते तीन किलो भरतं. कलश घेताना ढोबळ हिशोब असा: देहाच्या दर किलोला सुमारे ३६ मिलिलिटर जागा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला अडीच लिटर. दुकानात दिसणाऱ्या नाजूक कलशांत बरेचदा याच्या निम्मीही जागा नसते. अस्थी दोन-तीन घरांत वाटून घ्यायच्या असतील तर दाहिनीच्या कार्यालयात आधीच सांगावं. भरून बंद केलेला डबा घरी उघडून वाटणं कोणालाही नको असतं.

दाहिनीच्या अर्जातला एक प्रश्न कधीही अंदाजाने भरू नये: शरीरात पेसमेकर आहे का? त्यातली लिथियम बॅटरी तापून फुटते. अशा स्फोटाची पहिली नोंद ब्रिटनमध्ये १९७६ सालची आहे, आणि तेव्हापासून पेसमेकर काढल्याचं लिहून घेण्याची पद्धत रुळली. हृदयाचे ठोके सावरायला विजेचा झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते आधी रुग्णालयातून बंद करून घ्यावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो. अलीकडचे तारेविना थेट हृदयात बसवलेले छोटे पेसमेकर छातीवर हात फिरवून लागत नाहीत, त्यामुळे कागदच पाहावे लागतात. शेवटच्या महिन्यांत किरणोत्सारी औषध दिलं असेल तर तेही सांगावं.

कार्यक्रमाविना थेट दहन हा पर्याय ‘गरिबांचा’ म्हणून नाकारला जातो, ते अन्यायाचं आहे. देह नेला जातो, साध्या पेटीत दहन होतं, अस्थी परत मिळतात, बस्स. निरोप नंतर, सगळ्यांना जमेल त्या दिवशी, हव्या त्या जागी. आमच्या मते सर्वाधिक लोकांना सोयीची पडणारी सेवा हीच. फक्त दोन गोष्टी तपासाव्यात: दहनाची तारीख-वेळ कुटुंबाला आधी कळवतात का, आणि दोघा-तिघांना तिथे उभं राहू देतात का. काही स्वस्त दरांत दोन्ही नाही, आणि दाहिनी शे-दोनशे किलोमीटर लांबची असते.

पाण्याने होणारं ‘दहन’, म्हणजे क्षारीय जलविघटन, अजून मोजक्या देशांत कायदेशीर आहे. स्टीलच्या टाकीत पाणी आणि सुमारे ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. दाबाखाली १५० अंशांना चार ते सहा तास, बिनदाबाच्या यंत्रात त्याहून बराच जास्त वेळ. पेसमेकर काढावा लागत नाही, अस्थी पांढऱ्या आणि मऊ मिळतात, पण प्रमाणाने जास्त भरतात. कलश मोठा घ्यावा. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी हाच मार्ग निवडला होता. देहाची माती करण्याची पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायद्यात आणली. लाकडाचा भुसा, गवत यांत देह ठेवून काही आठवडे हवा खेळती ठेवतात. शेवटी जवळपास पाऊण घनमीटर माती तयार होते, आणि ती सगळी न्यायला छोटा टेम्पो लागेल हे आधी कोणी सांगत नाही.

निसर्ग-दफनाची पहिली वनभूमी इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे १९९३ साली सुरू झाली. अशा जागी एम्बामिंग केलेला देह घेत नाहीत, धातूची पेटी आणि संगमरवरी फलक चालत नाहीत. कबर तुलनेने उथळ असते, कारण वरच्या थरातल्या मातीला हवा मिळते आणि जिवाणूंचं काम नीट होतं. विचारायचं ते एवढंच: जागेचा हक्क किती वर्षांचा, आणि जमीन विकली गेली तर काय?

देहदान विनाखर्चाचं समजून बाकी काहीच न ठरवणं ही महागात पडणारी चूक. शवविच्छेदन झालं असेल, ठरावीक संसर्ग असेल, वजन फार जास्त असेल, उशीर झाला असेल किंवा त्यांच्याकडे जागाच नसेल, तर वैद्यकीय संस्था ऐनवेळी देह नाकारते. फॉर्म भरलेला असला तरी पर्यायी व्यवस्था लिहून ठेवलेली हवी. नेत्रदान मात्र कुठल्याही अंत्यविधीच्या आड येत नाही. त्यासाठी सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं, तोवर पंखा बंद ठेवून पापण्यांवर ओला कापूस ठेवावा.

आगाऊ पैसे भरण्याच्या योजनांबद्दल आमचं मत कडक आहे. पैसे स्वतंत्र विश्वस्त निधीत किंवा विमा पॉलिसीत जात नसतील तर योजना घेऊ नये. ब्रिटनमध्ये अशी एक मोठी कंपनी मार्च २०२२ मध्ये बुडाली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. त्याच वर्षी २९ जुलैपासून या योजना वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. पत्रकात ‘हमी’ या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचावं. बहुतेक वेळा हमी संस्थेच्या शुल्काची असते, दाहिनी किंवा जमिनीच्या वाढीव दराची नसते. दुसऱ्या गावी मृत्यू झाला तर, योजना रद्द केली तर, संस्था विकली गेली तर, या तिन्हींची उत्तरं लेखी घ्यावीत.

पैसे न भरताही आखणी करता येते आणि ती एका पानात मावते: दहन की दफन, शरीरातली यंत्रं, दान, कळवायच्या माणसांची नावं, निर्णय घेणारा एकच माणूस, खर्चाची वरची मर्यादा. या पानाची प्रत त्या माणसाच्या हातात आणि दुसरी घरच्या फाइलमध्ये असावी. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेलं पान बहुधा अंत्यविधी उरकल्यावरच सापडतं, कारण लॉकर उघडायला आधी मृत्यूचा दाखला लागतो. त्या दाखल्याच्या अधिकृत प्रतीही पहिल्याच अर्जात सात-आठ मागून घ्याव्यात. विमा, निवृत्तिवेतन, बँक आणि मालमत्ता यांपैकी बरीच कार्यालयं छायाप्रत घेत नाहीत.