तांब्याचा वॉशर: जुना तापवून लावायचा की नवा?

इंजिनच्या बोल्टखाली गळती रोखायला बसवलेली तांब्याची चकती, म्हणजे वॉशर, एकदा दाबला गेला की कडक होतो. मग तो तसाच पुन्हा बसवला तर पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढत नाही आणि तेल झिरपतं. तापवल्यावर धातूतले कण नव्याने जुळतात आणि वॉशर पुन्हा मऊ पडतो.

काम सोपं आहे. तारेत अडकवून गॅस टॉर्चच्या ज्योतीवर धरा, अंधुक लाल दिसला की बस. जास्त लोभ नको, तांबं 1085 अंशांना वितळतं. पोलादासारखं पाण्यात टाकल्याने ते कडक होत नाही. उलट काळी खपली सुटायला मदतच होते. उरलेली खपली बारीक पॉलिश पेपरने काढा. पेपर सपाट काचेवर ठेवून वॉशर त्यावर घासलात तर उत्तम.

नव्या वॉशरला हा खटाटोप नाही, जाडीही पूर्ण मिळते. इंजिन ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टला मी जुनाच तापवून लावतो. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखाली मात्र नवाच, कारण तिथे वॉशरच्या जाडीवर त्याचं नोझल (फवारा सोडणारं टोक) किती खाली येणार ते ठरतं. ब्रेकच्या पाइपलाही नवाच. तिथे काटकसर कसली? खोल वळ उमटलेला किंवा आतून पोकळ असलेला वॉशर तापवण्याच्या भानगडीत पडूच नका.