सोग्नेफ्येलसाठी भाड्याची सायकल: मशीन पहिल्या नंबराचं, दुकान जेमतेम

आधी निकाल सांगते, मग वाटल्यास पुढचं वाचा. सायकलीला पाचपैकी पाच. दुकानाला अडीच, तेही मेकॅनिक पोरगा गुणी होता म्हणून. रस्त्याला मार्क देणारी मी कोण?

भाची नॉर्वेत बर्गनला नोकरीला आहे. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा नाशिकहून माझी सायकल खोक्यात घालून न्यायची की तिथेच भाड्याने घ्यायची, यावर घरात बराच खल झाला. विमानाचा सामानखर्च, खोक्याचं ओझं आणि शिवाय बर्गनहून पुढचा प्रवास. शेवटी भाड्याची ठरली. लुस्त्राफ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या एका चिंचोळ्या फाट्याच्या, काठावर एका छोट्या गावात दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि गावात दुसरं दुकानही नसावं.

सायकल कार्बनची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 32 मिलिमीटरचे टायर. पुढच्या चकत्या 50 आणि 34 दातांच्या, मागच्या 11 ते 34. चढाच्या देशात भाड्याची रोड सायकल घेताना फ्रेमवरचं नाव वाचू नका, मागची सर्वांत मोठी चकती किती दातांची आहे ते मोजा. शेजारी एक चकाचक, वजनाला याहून हलकी सायकल टांगली होती, पण तिची मोठी चकती 28 ची. ती सायकल पंचविशीतल्या पोरांसाठी. माझे गुडघे पन्नाशीला आलेत, पुढे 34 ला मागे 34 म्हणजे त्यांच्यासाठी मोठाच आधार.

कारण चढ तसाच आहे. शॉल्डन हे गाव लुस्त्राफ्योर्डच्या अगदी टोकाला, म्हणजे समुद्रसपाटीवर. तिथून सोग्नेफ्येलचा डोंगर ओलांडणारा 55 नंबरचा रस्ता तीसेक किलोमीटरमध्ये 1434 मीटरवर जातो. उत्तर युरोपातला हा सर्वांत उंच घाटरस्ता, 1938 साली खुला झालेला. आपले चारपाच कसारा घाट एकावर एक ठेवा, म्हणजे अंदाज येईल. फरक इतकाच की कसाऱ्यात डिझेलचा धूर खावा लागतो, इथे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकायच्या.

सुरुवात फसवी आहे. शॉल्डनमधून निघालं की आइड्सवात्न तलावाच्या कडेने रस्ता सपाट जातो. याच तलावावरच्या कड्यावर तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनने 1914 मध्ये झोपडी बांधली होती. एकांत हवा म्हणून माणूस कुठे येऊन बसला होता, ते खालून मान वर करून बघावं. पुढे फोर्टुन गाव. भाची म्हणाली, "मावशी, आमच्या बर्गनजवळचं फांटॉफ्टचं लाकडी चर्च मूळचं इथलं. 1883 मध्ये उचलून नेलं." ते 1992 मध्ये जाळलं गेलं आणि पुन्हा बांधलं, हेही तिने सांगितलं. पण तोवर रस्ता उभा झाला होता आणि मी नुसतं "हं" म्हणत होते.

फोर्टुनपासून टुर्टाग्रोपर्यंत वळणांमागून वळणं. इथे सायकलीचं खरं रूप कळलं. उभं राहून पॅडल मारलं तरी पुढचं चाक भरकटत नाही, आणि चेन मोठ्या चकतीवर गेली की आवाज बंद. गिअर इतके नीट लावलेले मी नाशिकच्या भल्याभल्या दुकानांत पाहिले नाहीत. टुर्टाग्रोला 1888 पासून गिर्यारोहकांचं हॉटेल आहे, 884 मीटरवर. जुनी इमारत 2001 मध्ये जळाली, आताची नवी. समोर हुरुंगाने डोंगररांगेची दातेरी शिखरं. त्यांतलं स्टोरे स्कागास्टोल्स्टिंड 2405 मीटर उंच, त्यावर स्लिंग्सबी नावाचा इंग्रज 1876 मध्ये पहिल्यांदा चढला. तिथे बसून आम्ही दोन कॉफ्या आणि एकेक पाव खाल्ला. बिलाबद्दल बोलत नाही.

टुर्टाग्रोच्या वर झाडं संपतात. चढ मवाळ होतो, पण वारा सुरू होतो. जुलै असूनही वरच्या तळ्यांत बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि कडेला मळकट बर्फाचे ढीग. हा रस्ता हिवाळाभर बंदच असतो. खाली अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट पुरला होता, वर जाकीट, हातमोजे, कानटोपी, सगळं चढवलं तरी दात वाजत होते. पण एक सांगते, माथ्यावरच्या त्या तळ्यांचं पाणी ज्या रंगाचं दिसतं त्याला निळं म्हणावं की हिरवं, यावर आमचं एकमत झालं नाही.

आता ब्रेक. माझ्या घरच्या सायकलीला उजव्या हाताने पुढचा ब्रेक लागतो, तिकडच्या सायकलींना डाव्या हाताने. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण चौदाशे मीटरचा उतार आहे, हात गारठलेत, वळणावर मेंढी बसलीय, अशा वेळी मेंदू विचार करत नाही, हातच काम करतो. दुकानात मी हे विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी "सवय होईल" म्हणून विषय संपवला. मेकॅनिक पोराने मात्र मला मागच्या मोकळ्या आवारात नेलं आणि दहा मिनिटं नुसतं थांबायची प्रॅक्टिस करायला लावली. ब्रेकच्या नळ्या डाव्या-उजव्या बदलून द्यायची तयारीही दाखवली, पण तेल भरून हवा काढायला अर्धा दिवस जाणार होता. त्या दहा मिनिटांसाठी त्याला अडीचमधले दोन मार्क.

त्यानेच आणखी एक सांगितलं. जनावरं इकडची तिकडे जाऊ नयेत म्हणून तिथे रस्त्यातच लोखंडी नळ्यांच्या जाळ्या बसवलेल्या असतात. त्या नेहमी सरळ ओलांडायच्या, हँडल वळवायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, आणि पाऊस असेल तर उतरून चालायचं. 32 च्या टायरवरूनही ती खडखड कवटीपर्यंत जाते.

दुकानाच्या तक्रारी. सीटखालच्या पिशवीत पंक्चरचं सामान होतं. मी तिथेच उघडून पाहिलं, तर ट्यूबचा व्हॉल्व्ह आखूड. कार्बनची रिम खोल, व्हॉल्व्ह तिच्याबाहेर जेमतेम डोकावणार, पंपाचं तोंड त्याला पकडणारच नाही. म्हणजे रस्त्यात पंक्चर झालं असतं तर नवी ट्यूब हातात घेऊन बसायचं. लांब व्हॉल्व्हची मागितली तर तिचे वेगळे पैसे! दिवसाला सातशे क्रोनर भाडं घेणाऱ्याने हे करावं? बाटलीचा होल्डर एकच, दुसऱ्याचेही पैसे. अर्थात पाण्याचं तिथे अडत नाही, वाटेतल्या कुठल्याही गावात नळाचं पाणी भरून घ्यावं.

आणि रविवार. नॉर्वेत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, हे ठीक, त्यांचा कायदाच तसा आहे. पण शनिवारी दुपारी दोनच्या आत सायकल परत, नाहीतर सोमवारपर्यंतचं भाडं, ही अट बुकिंग करताना सांगायला काय झालं होतं? पावतीच्या मागे बारीक अक्षरांत, नॉर्वेजियनमध्ये. भाचीने वाचली म्हणून कळलं. आम्ही मग सरळ सोमवारपर्यंत ठेवली आणि रविवार कारणी लावला. सोलवोर्नहून छोट्या फेरीबोटीने फ्योर्डच्या पलीकडे उर्नेसला गेलो. तिथलं लाकडी चर्च 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघताना मला आपल्याकडच्या वाड्यांचे खांब आठवत राहिले. तिथून फ्योर्डच्या पूर्वकाठाने शॉल्डनपर्यंतचा रस्ता अरुंद, गाड्या तुरळक, वाटेत फेइगुमफॉसेन धबधबा 218 मीटरवरून कोसळणारा. घाट झेपणार नसेल तर फक्त हा रस्ता करा, पैसे वसूल.

या रस्त्यावर छोटे बोगदे लागतात, पुढचा-मागचा दिवा लागतोच. दुकानाने मागचा दिला, पुढचा आम्हीच नेला होता. काही मोठ्या बोगद्यांत सायकलला बंदीच असते, साडेचोवीस किलोमीटरचा लार्डाल बोगदा त्यांतलाच. दुकानाने दिलेल्या नकाशावर यातलं एकही चिन्ह नव्हतं. वाट आखण्यापूर्वी कुठला बोगदा सायकलला खुला आहे ते स्वतः तपासा.

पुन्हा जाईन तर याच दुकानातून घेईन, त्याच मापाची, तीच सायकल, पण सोमवारी सकाळी. सोबत माझी पॅडल, समोरचा दिवा आणि लांब व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब नाशिकहूनच नेईन. मिळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात.