रायडिंग मोअरचा 'फाट्ट': जुना कार्बोरेटर साफ करावा की नवा बसवावा?

अमेरिकेत घराबरोबर अर्धा-पाऊण एकर गवत पदरात पडलं की रायडिंग मोअर, म्हणजे वर बसून चालवायचा गवतकापणी यंत्र-गाडा, आलाच. काही उन्हाळे गेले की किल्ली बंद करताना तो 'फाट्ट' करतो आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं.

आधी आवाज कुठून येतो ते बघा. इंजिन चालू असताना कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा फटका येत असेल तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, फ्लायव्हीलला जागेवर धरणारी छोटी 'की', इनटेकची हवागळती असे वेगळे संशयित असतात. ते दुखणं इथे घेत नाही.

किल्ली बंद केल्यावर सायलेन्सरमधून येणारा बार वेगळा. ठिणगी थांबते, पण इंजिन आणखी काही फेरे घेतं, तेवढ्यात ओढलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. ते अडवायला बऱ्याच इंजिनांत कार्बोरेटरच्या वाटीखाली सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, असतो. किल्ली चालू असताना १२ व्होल्टवर त्याची दांडी मागे राहते, बंद केली की पुढे येऊन मेन जेट, म्हणजे पेट्रोल आत सोडणारं बारीक भोक, मिटवते. इंजिन न चालवता किल्ली नुसती 'रन'वर न्या आणि कान लावा. 'टक' आलं नाही तर वायर आणि सोलेनॉइड बघा, कार्बोरेटरला हात लावू नका. 'टक' येऊनही बार होत असेल, आणि थ्रॉटल खाली आणून थोडं थांबून बंद केल्यावरही होत असेल, तर मग कार्बोरेटर.

नव्याचा मोह मला समजतो. ऑनलाइन वीस-चाळीस डॉलरला मिळतो, सोबत गॅस्केट, बहुतेकदा सोलेनॉइडही. मी बसवला तेव्हा बार लगेच थांबला. पण इंजिन एका लयीत चालेना. गवतात घातलं की ठीक; मोकळं ठेवलं की घूंऽऽ वर, घूंऽऽ खाली, सारखं. अर्धा चोक ओढला की शांत. म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होतं. जेटचं भोक बहुधा किंचित लहान असावं, आणि प्रदूषणाच्या नियमांमुळे हल्ली मेन जेट फिरवून जुळवायला स्क्रूच नसतो. सगळा उन्हाळा चोकवर हात ठेवून गवत कापायचं? माझ्या वाट्याला वाईट नग आला असेल. ओळखीच्या एकाचा असाच स्वस्तातला निमूट चालतो. पण त्या घूंघूंनीच मला जुन्याकडे परत नेलं.

जुना साफ करायला दुपार जाते. पेट्रोलची नळी दाबून बंद करा, चष्मा घाला. वाटी, फ्लोट, नीडल, मेन जेट काढून क्लीनर मारा. जेटमधून तांब्याच्या वायरची एकच तार घाला, ड्रिल बिट नको. वाटीचं गॅस्केट पेट्रोलने फुगलं की परत नीट बसत नाही, नवं आणून ठेवा. सोलेनॉइडची दांडी जिथे टेकते ती जागा मुद्दाम पुसा. माझ्याकडे तिथेच थर होता. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं, आणि हिवाळाभर टाकीत राहिलं की असले थर बसतात. पंपावर ई१५ (पंधरा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल) स्वस्त दिसलं तरी मोअरमध्ये घालू नका, या इंजिनांना त्याची परवानगीच नाही.

थ्रॉटलची दांडी भोकात डुगडुगत असेल किंवा आतला ॲल्युमिनियम खाल्ला गेला असेल तर मात्र नवाच, आणि जमलं तर इंजिनचा मॉडेल-टाइप नंबर देऊन कंपनीचा. महाग पडतो, पण जेट त्या इंजिनाच्या मापाचं असतं. स्वस्तातला घेतलात तर जुना निदान पहिला उन्हाळा टाकू नका. आटे जुळले तर त्याचं मेन जेट नव्यात बसवून बघता येतं.